पाण्यावरच्याचा वाटा

प्रयागबाईच्या हातची भाकरी खाल्लेली माणसं पुढं कितीतरी वर्षं आदिलाबाद जिल्ह्यात भेटत राहिली. कुणी बोथच्या कचेरीतला कारकून, कुणी भैंशाच्या बाजारात कापूस तोलणारा, कुणी बेज्जूरच्या रानात लाकडाचा ठेका घेतलेला. विषय निघायचा अवकाश, ओठांवरून जीभ फिरायची. भरीत असं होतं, जवसाची चटणी तशी होती, आणि ती भाकरी, तव्यावरून थेट पानात! खाणाऱ्याला चव बरोबर आठवते. चुलीपाशी बसलेलीचं काय झालं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही. जगाची रीत आहे म्हणून सोडून द्यावं म्हटलं तरी सोडवत नाही, म्हणून हे सांगायचं.

बेज्जूरच्या जंगलासमोर प्राणहितेचं पात्र दुभंगतं आणि मध्ये एक बेट राहतं. लोक त्याला नुसतं मधलं बेट म्हणत. अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं इंग्रजी अमलातला चांद्याचा मुलूख. चांद्याकडून येणारा माणूस आधी अरुंद धार उतरून बेटावर यायचा आणि मग मोठी धार ओलांडून बेज्जूरच्या काठाला लागायचा. वारा असला की मोठ्या धारेत नाव घालायला नावाडी तयार नसत. मग उतारूंनी थांबायचं कुठं? तर धोंडीबा माळ्याच्या घरी. बेटावर उन्हाळ्यात टरबुजांच्या वाड्या लावणाऱ्यांच्या चार-दोन झोपड्या पडायच्या, त्या पावसाळ्याआधी उठून जायच्या. बारमाही घर एकच, उंचवट्यावरचं. त्यात धोंडीबा, त्याची आई बयनाबाई आणि बायको प्रयाग. आठ वर्षं संसार होऊन पोटी मूल नव्हतं, म्हणून का काय, घरात माणूस आलेलं धोंडीबाला फार आवडायचं.

प्रयागचं माहेर बोथकडचं, कोरड्या रानातलं. लग्न होऊन आली तेव्हा नावेत डोळे मिटून बसली होती, आणि धोंडीबानं तिला मुद्दाम हेलकावा देऊन रडवली होती. त्या पोरीला सासूनं घर शिकवलं. घर शिकवलं म्हणजे पंगत शिकवली. या घरात घरच्यांची पंगत वेगळी आणि पाहुण्यांची वेगळी असं नव्हतं. पळसाची पानं एका रांगेत मांडायची, उतारू आणि घरचे मांडीला मांडी लावून बसायचे, आणि धोंडीबा रांगेच्या शेवटी. आधी नाही, मागून नाही, सगळ्यांबरोबर. भाताचं कौतुक इथं नव्हतं. ज्वारीची भाकरी, वाफाळती अंबाडी, निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांदा. उतारूनं यावं तेव्हा फक्त मूठभर मीठ आणावं, एवढीच त्या घराची अपेक्षा. “लाजू नोका, पावनं,” धोंडीबा म्हणायचा, “नदी लई भूक लावते. माहा घास मोजा अन् त्याच्याहून दोन जास्त खा.”

आणि सासूनं आणखी एक रीत शिकवली होती. घरातला माणूस पाण्यावर गेला की स्वयंपाकाला बसताना पिठाची पहिली ओंजळ त्याच्या नावानं काढायची. बायकोनं काढायची आणि आईच्या ओंजळीत द्यायची, आईनं ती शिंक्यातल्या गाडग्यात टाकायची. गाडग्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं. आत डोकवायचं नाही, हात घालायचा तो आईनंच. माणूस काठाला लागला की त्याच पिठाची भाकरी करून त्याला गरम वाढायची. तोवर त्या पिठाला कुणी हात लावला तर त्याचा इथला दाणा संपवला असं व्हायचं. धोंडीबा सांजेपर्यंत परत यायचा, त्यामुळं गाडग्यात कधी दोन ओंजळींच्या वर पीठ साचलं नव्हतं. प्रयागला ती रीत गोड वाटायची. नवऱ्याचं पीठ वेगळं मळताना ती उगाच हसायची.

त्या साली, फसली सन तेराशे बेचाळीसला, भादव्यात आठ दिवस उघाड पडली होती. नदी उतरली, नावा सुरू झाल्या. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या, म्हणून चांद्याकडं अडकलेली माणसं घरी निघाली. दुपारपर्यंत एकवीस उतारू बेटावर उतरले. मोठी धार ओलांडायला नावेची वाट बघत बसले असताना पाण्याचा रंग बदलला. वर कुठंतरी कोसळलं असणार. गढूळ लाल पाणी आलं, मागून झाडं आली, आणि तासाभरात दोन्ही धारा अशा फुगल्या की काठ दिसेनात. दोन्हीकडच्या नावाड्यांनी नावा वर ओढून घेतल्या. बेटावर एकवीस माणसं, तीन घरची, आणि चूल एक.

पहिल्या दिवशी गंमतच वाटली. माणसं पडवीत टेकली, गोष्टी झाल्या, भरीत झालं. तहशिलीतले पेशकार नरसिंगराव तेवढे सोवळ्याचे. त्यांनी आंब्याखाली तीन दगड मांडले आणि स्वतःचे तांदूळ स्वतः शिजवले. धुरानं डोळे चोळत, अर्धकच्चा भात गिळत त्यांनी ब्राह्मण्य राखलं. पंगतीत सातवा महिना लागलेली एक पोर होती, रुख्मिणी. सासऱ्याला घेऊन माहेरी चाललेली. धोंडीबानं तिच्या पानात वांग्याची जास्तीची फोड सरकवली आणि प्रयागनं ते बघून न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी पाणी आणखी चढलं. जेवण चाललं असताना धोंडीबानं रांगेवरून नजर फिरवली, चतकोर भाकरी तशीच पानात ठेवून उठला आणि कणगीत हात घालून आला.

“चार दिसाचं हाय,” तो प्रयागला हळूच म्हणाला. “पानी काई चार दिसात उतरत नाई. मी डोंगा घेऊन जातो. उद्धव नावाड्याच्या घरी आपले दोन कट्टे ज्वारी हाय, एक तरी आनतो.”

“नोका जाऊ,” प्रयाग म्हणाली. “डोळ्यानं पाहून राह्यले ना, झाडं वाहून राह्यलीत.”

“मंग या इक्कीस लोकाइले काय वाढतं? हवा?”

“आपन बोलावलं होतं का त्याइले?”

धोंडीबा हसला. “पानात बसवल्यावर थे आपले झाले, प्रयागे. पहाटेपर्यंत येतो. माह्या वाट्याची भाकर जाड कर, मागल्या खेपेसारखी पापड नोको करू.”

डोंग्याची दोरी मनगटाला गुंडाळायची त्याची सवय होती. ती गुंडाळून त्यानं डोंगा पाण्यात लोटला. प्रयागनं या वेळी डोळे मिटले नाहीत. डोंगा लाल पाण्यात तिरका तिरका गेला, एका वाहत्या झाडाआड झाला, आणि मग झाडच दिसत राहिलं. संध्याकाळी तिनं पहिली ओंजळ काढली आणि सासूच्या हातात दिली.

पहाटे बयनाबाई वाहून आलेली लाकडं गोळा करायला बेटाच्या खालच्या टोकाला गेली. प्रयाग वरच्या टोकाला, जिथं डोंगा लागायचा तिथं जाऊन उभी राहिली. तांबडं फुटलं, ऊन आलं, डोंगा आला नाही. घरी परतली तर सासू नुकतीच आलेली, कमरेपर्यंत भिजलेली, आणि हातात एकही लाकूड नाही.

“काय झालं आत्याबाई?”

“पाय घसरला.” म्हातारीनं लुगड्याचा ओला पदर पिळला. “खालच्या टोकाले कोनी जाऊ नोका. सापं निंगाले तिकडं. तू त जाऊच नोको.”

“हे आले नाई अजून.”

“येईल,” बयनाबाई म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं. “चूल पेटव. मानसं उपाशी हायत.”

प्रयागनं चूल पेटवली. ओंजळ काढली, सासूनं ती शिंक्याकडं नेली. त्या दिवसापासून बयनाबाई पंगतीला बसली नाही. दाढ दुखते म्हणायची, कोपऱ्यात बसून पिठाचं पाणी घोटभर प्यायची. प्रयागला वाटलं, मुलाची काळजी लागलीय म्हातारीला. कुणाला लागली नव्हती? पण कुणीतरी भाकरी थापायला हवी होती आणि ती कुणीतरी म्हणजे प्रयागच होती.

त्याच दिवशी नरसिंगरावांचे तांदूळ संपले. ते दाराशी येऊन उभे राहिले, बसेनात, जाईनात. बयनाबाईच कोपऱ्यातून म्हणाली, “या महाराज. नदीनं सगळ्याइले एका पानावर आनलं, तुमीच कायले मागं राहता?” मग तिचाच चेहरा कसनुसा झाला आणि ती दोन्ही हात जोडून पुटपुटली, “काई चुकलं त माहं, तुमचं नाई.” पेशकारसाहेबांनी अंगातला कोट काढून घडी घातला आणि पंगतीत बसले. घरी गेल्यावर प्रायश्चित्त घेईन, असं त्यांनी जाहीर केलं. पहिल्या घासानंतर मात्र प्रायश्चित्ताचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते प्रयागला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. भाकरी अख्खी होती ती अर्धी झाली, अर्धीची चतकोर. वांगी संपली. अंबाडीची पानं, मग देठ, मग वाडीतले चिखलात बुडालेले कच्चे भोपळे. पाऊस थांबायचा, सुरू व्हायचा, पाणी जिथल्या तिथं. दिवसातून दहादा ती वरच्या टोकाला धावायची. काही काळं दिसलं की पाण्यात पाऊल घालायची, आणि ते ओंडका निघायचं. परत येताना तिला पडवीतली ती एकवीस तोंडं दिसायची आणि डोकं सणकायचं. यांच्यासाठी गेला. कोण लागतात ही आपली? एकदा एका उतारूनं नुसतं म्हटलं, “बाई, भाकर जराशी जाड आली असती त,” आणि प्रयागनं हातातली परात अशी आदळली की रुख्मिणी दचकून रडायला लागली. मग प्रयागही रडली. तिनं रुख्मिणीचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःच्या वाटणीचा चतकोर तिला भरवला आणि मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. दोन्ही एकदम. माणूस असं होऊ शकतं हे तिला त्या दिवशी कळलं.

एकच गोष्ट तिला धरून ठेवत होती, शिंक्यातलं गाडगं. सकाळी एक ओंजळ, संध्याकाळी एक. जितकं पीठ कमी होत गेलं तितकी ती ही ओंजळ जपून, दाबून भरायला लागली. सासूच्या हातात देताना म्हणायची, “सांडू नोका आत्याबाई.” उतारूंपैकी दोघांनी कुजबुजत विचारलंही, की माणसांच्या तोंडचं पीठ वर कायला टांगून ठेवता? प्रयाग फणकारली, “थे पान्यावरच्याचं हाय. त्याचा वाटा गेला म्हंजे थो गेला.” पुन्हा कुणी विचारलं नाही. गाडगं भरतंय म्हणजे धोंडीबा कुठंतरी आहे, हा हिशेब तिच्या मनानं पक्का केला होता. कुठल्यातरी झाडाला धरून, कुठल्यातरी गावात अडकून, पण आहे. आणि नवल म्हणजे खालचं पिठाचं मडकंही तिच्या अंदाजापेक्षा जास्त पुरत होतं. संपलं संपलं म्हणावं आणि तळाला दोन भाकऱ्यांचं पीठ निघावं. नरसिंगराव म्हणाले, “बाई, तुमच्या हाताला बरकत आहे.” प्रयागला वाटलं, त्याचा वाटा आपण इमानानं काढतो म्हणून देव पुरवतोय.

नवव्या दिवशी दुपारी पाणी उतरताना दिसलं. बेज्जूरच्या काठावर कुणीतरी पांढरं फडकं हलवलं आणि लांबून हाक आली. उद्या सकाळी नाव. पडवीतली माणसं उठून बसली, कुणी गळ्यात पडलं, कुणी रडलं. प्रयागनं ओरडून विचारलं, “हे हायत का तिकडं? धोंडीबा?” पण वारा उलटा होता.

आत येऊन तिनं मडकं उपडं केलं. दोन ओंजळी. यातली एक वाट्याची. उरलेल्या एका ओंजळीत एकवीस माणसं कशी तगवायची? रुख्मिणी सकाळीच भोवळ येऊन पडली होती, ओठ पांढरे पडले होते. नावेपर्यंत कमरेएवढा चिखल तुडवायचा होता, आणि नरसिंगरावांसारख्या माणसाला उंबरा ओलांडताना धरावं लागत होतं. आज पोटात काही गेलं नाही तर उद्या यातली दोन-तीन तरी त्या चिखलातच राहतील, हे दिसत होतं.

प्रयागनं वर बघितलं. चौदा ओंजळी पीठ होतं त्या गाडग्यात. चौदा भाकऱ्या. जाड जाड. प्रत्येकाला अर्धी देऊन वर उरली असती.

खाली पडवीत पोरीचं कण्हणं चाललं होतं. वाट्याला हात लावला तर आपण आपल्या हातानं त्याला संपवलं. नाही लावला तर ज्यांच्यासाठी तो गेला तीच मेली. तो असता तर काय म्हणाला असता, ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “गाडगं काढतो.”

बयनाबाई कोपऱ्यातून अशी उठली की सात दिवसांची उपाशी बाई वाटली नाही. “नोको. हात लावू नोको त्याले.”

“मानसं मरून राह्यली.”

“मरू दे! गाडग्याले हात लावशीन त माही शप्पत हाय.” म्हातारीनं तिचं मनगट धरलं. बोटं काटकुळी, पण पकड सुटेना.

“माह्या नवऱ्याचा वाटा हाय थो. पाप लागन थे मले लागन. सोडा!” प्रयाग रडत होती, ओरडत होती, पण दबल्या आवाजात, बाहेर कळू नये म्हणून. तिनं हिसका दिला, फडकं ओरबाडलं आणि डोळे मिटून हात गाडग्यात घातला. देवा, माफ कर, मी त्याला माझ्या हातानं संपवतेय.

हात तळाला लागला. खापरावर बोटं घासली गेली. तिनं हात बाहेर काढला तेव्हा नखांत जरासं पीठ होतं, बाकी काही नाही.

“वाटा कुठं गेला?” तिनं विचारलं. मग सासूकडं बघितलं, आणि तिला पुन्हा विचारायची गरज राहिली नाही. तरी तिनं विचारलं. “आत्याबाई, वाटा कुठं गेला?”

बयनाबाई खाली बसली. “तू वरच्या टोकाले जाये, तवा मी थे पीठ मडक्यात ओतत जाये,” ती म्हणाली. “जेवत्या मानसाच्या पोटात गेलं. त्याचंच काम झालं.”

“कवापासून?”

“तिसऱ्या दिसापासून.” म्हातारी जमिनीकडं बघून बोलत होती. “झाऊच्या झुडपात डोंगा पालथा अडकला व्हता. दोरी मनगटाले तशीच. मी सोडवली. तोंड धुतलं त्याचं. मंग घरी आलो, तू नव्हती. तू देल्लेली ती पहिली ओंजळ गाडग्यात व्हती, थे घेऊन गेलो. त्याच्या तोंडात घातली चिमूट, बाकी त्याच्या ओंजळीत ठेवली. त्याचा वाटा त्याले पोचवला, पोरी. अन् मंग…” तिनं दोन्ही तळवे पुढं केले. “मंग हातानं लोटलं पान्यात. माह्या हातानं.”

प्रयागच्या तोंडून आवाज फुटणार तोच म्हातारीनं तिच्या तोंडावर हात दाबला.

“रडली त चूल विझली,” ती कानात म्हणाली. “सुतकाच्या घरचं कोन खाईन? थो पेशकार खाईन? थे पोटुशी पोर खाईन? दहा दिवस चूल पेटवता आली नसती. बेटावर दुसरी चूल हाय का? ज्याइच्यासाठी माहा लेक गेला त्याइले उपाशी मारू? म्हनून मी गप बसलो. सुतकातलं अन्न खाऊ घातलं त्याइले, पाप माह्यावर. तुले कुंकू लावून चुलीपाशी बसवलं, थेही माह्यावर. तू उद्या मले काय मारायचं थे मार. आज नाई.”

प्रयागच्या डोळ्यांपुढं ते सगळे दिवस एकदम आले. वरच्या टोकावरचं ते धावणं. ती दाबून भरलेली ओंजळ. “सांडू नोका आत्याबाई.” सहा-सात दिवस ती वाट बघत होती आणि ही बाई, त्याची सख्खी आई, तिच्या हातून ते पीठ घेत होती, शिंक्याकडं वळत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. प्रयागला तिचा गळा दाबावासा वाटला. तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही, कारण पडवीतून रुख्मिणीचा सासरा थरथरत्या आवाजात विचारत होता, “वैनी, थोडं गरम पानी तरी भेटन का पोरीले?”

“आनतो,” प्रयाग म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही.

तिनं तोंड धुतलं. कुंकू ओघळलं होतं ते आरशाशिवाय, बोटानं चाचपत नीट केलं. कपाळावर टिकली न राहता ओरखडा उमटला. मग दोन्ही ओंजळी पीठ, वाट्याचीसुद्धा, मोठ्या हंड्यात उकळत्या पाण्यात सोडलं. त्यात भोपळ्याच्या साली आणि अंबाडीचे देठ घातले, उरलेलं सगळं मीठ घातलं. पातळ घाटा झाला. पळसाच्या द्रोणांतून तिनं तो वाढला. एकवीस द्रोण एका रांगेत. वाढताना तिच्या बांगड्या वाजत होत्या आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, आता कळलं यांना. कुणाला कळलं नाही. भुकेल्या माणसाला बांगड्या ऐकू येत नाहीत.

रांगेच्या शेवटी एक जागा रिकामी होती. धोंडीबाची. नरसिंगराव म्हणाले, “यजमानांची फार आठवण होते. उद्या काठावर भेटतीलच.”

“भेटतीन,” प्रयाग म्हणाली.

सकाळी उद्धव नावाडी नाव घेऊन आला. उडी मारून उतरताच त्यानं पहिला प्रश्न विचारला, तो साहजिकच होता. “धोंडीबा कुठी हाय? नऊ दिवस झाले, कट्टा न्यायले आला नाई…”

सगळे ऐकत होते. प्रयागनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. “खालच्या अंगानं गेले असतीन,” ती म्हणाली. “येतीन. तू आधी या मानसाइले पोचव, भाऊ. सगळ्याइले. मंग ये.”

उद्धवनं जन्म पाण्यावर काढला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, दारात बसलेल्या बयनाबाईकडं बघितलं, आणि खाली मान घालून नावेची दोरी बांधायला लागला.

माणसं एकेक करून चिखलातून नावेत चढली. जाताना प्रत्येकानं काही ना काही म्हटलं. रुख्मिणीनं गळ्याला मिठी मारली आणि म्हणाली, मुलगी झाली तर प्रयाग नाव ठेवीन. शेवटी नरसिंगराव आले. कोट घातलेला, हातात छत्री. अन्नासाठी कुणापुढं झुकायची सवय नसलेला माणूस, छत्री या हातातून त्या हातात करत राहिला. प्रयाग रीतीप्रमाणे वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि मनापासून, अगदी पोटातून आशीर्वाद दिला.

“अखंड सौभाग्यवती भव.”

ती वाकलेलीच राहिली. उठायला तिला फार वेळ लागला. पेशकारांना वाटलं, बाई थकलीय. ते नावेत बसले.

नाव निघाली. बयनाबाईनं आत जाऊन तांब्याभर पाणी घेतलं आणि चुलीपाशी बसून राहिली, ओतलं नाही. प्रयाग काठावरच्या दगडापाशी उभी होती. नावेतून लोक हात हलवत होते, तिनंही हलवला. मोठी धार रुंद होती, वेळ लागत होता. मध्येच कुणी मागं वळून बघितलं असतं तर उंचवट्यावरच्या घराला धूर दिसायला हवा होता, म्हणून चूल अजून जळत होती. बऱ्याच वेळानं पलीकडून उद्धवची हाक आली, पोचलो. आत चुलीत पाणी पडल्याचा आवाज झाला. प्रयागनं दोन्ही हात दगडावर आपटले.